दमदार गाडीचा खरा खर्च कोठे होतो: खरेदीत की पेट्रोलपंपावर?

गोदाकाठ (गंगापूर रोड, नाशिक)

सर्वांना नमस्कार. अंबड औद्योगिक वसाहतीत आमची यंत्रभाग तयार करणारी लहानशी खासगी मर्यादित कंपनी आहे आणि कामानिमित्त मला भिवंडी, ठाणे आणि छत्रपती संभाजीनगर या बाजूंना स्वतः गाडी चालवत जावे लागते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तेव्हापासून कसारा घाटात ट्रकांच्या रांगेमागे खोळंबणे टळते आणि ताशी १२० किमी वेगमर्यादेचा सलग रस्ता मिळतो, पण त्याच रस्त्यावर माझ्या १२०० सीसी गाडीची दमछाकही आता अधिक जाणवते. चार माणसे आणि सामान भरलेले असताना चढावर पुढचे वाहन ओलांडायचे, तर हाताशी शिल्लक ताकद असणे ही मला चैनीपेक्षा सुरक्षिततेची बाब वाटते. त्यामुळे दोनशे ते पावणेतीनशे अश्वशक्तीची गाडी घ्यावी असा विचार चालू आहे.

अडचण अशी की नातेवाइकांशी बोलले की प्रत्येक जण वेगळेच सांगतो. थोरले बंधू अमेरिकेत आहेत. त्यांच्या मते तिथे गाडीही स्वस्त आणि पेट्रोलही स्वस्त. मेहुणे जर्मनीत असतात; ते म्हणतात की गाडी परवडते, पण टाकी भरताना विचार करावा लागतो. आपल्याकडे मात्र पहिला प्रश्न एकच येतो, तो म्हणजे ‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न आपण योग्य ठिकाणी विचारतो का, याविषयी मला शंका आहे. माझी गाडी वर्षाला सुमारे १२ हजार किमी चालते. एवढ्या वापरासाठी दमदार गाडीचा खर्च नेमका कोठे होतो, इतर देशांत तो कोणत्या रूपाने वसूल केला जातो, आणि आपल्याकडील खरेदीदाराने कोणत्या आकड्याकडे आधी पाहावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे. हिशेब रुपयांत केला तर तुलना सोपी होईल.

सातपूरकर (नाशिक)

गोदाकाठ, आपण विचारलेला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे मोटारीविषयीची बहुतेक चर्चा लिटरमागे किती किलोमीटर एवढ्यावरच संपते. मी अनेक वर्षे वाहनांच्या सुट्या भागांच्या खरेदीचे काम पाहिले आहे, त्यामुळे किमतीचे थर उलगडून पाहण्याची सवय आहे. एका प्रत्यक्ष गाडीवरच हिशेब मांडतो. पुढील सर्व आकडे २०२५ चे आहेत आणि डॉलर ८८, युरो १०२ व पौंड ११८ रुपये धरला आहे.

फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय ही २६५ अश्वशक्तीची, दोन लिटर इंजिनाची गाडी मे २०२५ मध्ये भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ५२ लाख ९९ हजार रुपये होती. ती पूर्ण तयार स्वरूपात परदेशातून येते. त्या वेळी १५०० सीसीपेक्षा मोठ्या मोटारीवर २८ टक्के जीएसटी आणि २० टक्के भरपाई उपकर, असा एकूण ४८ टक्के भार होता. तो वजा केला की ३५ लाख ८० हजार उरतात. त्यात आयात शुल्क सुमारे ७० टक्के धरले, तर आयातदाराचा व वितरकाचा नफा शून्य समजूनही गाडी बंदरात उतरली तेव्हाची किंमत २१ लाखांच्या फारशी वर जात नाही. आता उलट दिशेने चला. आयात गाडीवर महाराष्ट्राचा एकरकमी वाहनकर २० टक्के आहे आणि तो करांसहित असलेल्या बीजकाच्या रकमेवर आकारला जातो, म्हणजे आणखी साडेदहा लाख. विमा वेगळा. रस्त्यावर येईपर्यंत ६४ लाखांच्या पुढे गेलेल्या या गाडीत केंद्र आणि राज्य मिळून ४० लाखांच्या आसपास कर होता.

हीच गाडी दर लिटरला १० किमी धावते असे धरले, तर आपल्या १२ हजार किमीला १२०० लिटर पेट्रोल लागेल. नाशिकमधील १०४ रुपये दराने वर्षाचा खर्च सव्वा लाखाला थोडा कमी होतो. खरेदीच्या दिवशी भरलेल्या करात बत्तीस वर्षांचे पेट्रोल आले असते. लिटरला १६ किमी देणारी साधी गाडी घेतली तर वर्षाला ७८ हजारांचे पेट्रोल लागेल. म्हणजे ‘ॲव्हरेज’च्या फरकाने वाचतात ते वर्षाला ४७ हजार. ही रक्कम लहान आहे असे माझे म्हणणे नाही, परंतु खरेदीच्या रकमेशी तिची बरोबरी होऊ शकत नाही.

पेट्रोलवरही कर आहेच. लिटरमागे केंद्राचे उत्पादन शुल्क २१ रुपये ९० पैसे, त्यावर राज्याचा २५ टक्के मूल्यवर्धित कर आणि वर ५ रुपये १२ पैसे अधिभार. १०४ रुपयांतील सुमारे ४७ रुपये करांचे असतात. मनमाडजवळच्या पानेवाडी येथे तेल कंपन्यांची मोठी साठवण केंद्रे असूनही जिल्ह्यातील ग्राहकाला त्याचा दरात म्हणण्यासारखा लाभ होत नाही, त्याचे कारण हेच की किमतीचा मोठा भाग वाहतुकीने ठरतच नाही.

भारतात तयार होणाऱ्या गाड्यांचे गणित थोडे सौम्य आहे, पण दिशा तीच आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि पेट्रोलसाठी १२०० सीसी, डिझेलसाठी १५०० सीसी अशी मर्यादा घालून लहान मोटारींचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले. तेव्हापासून आपल्याकडच्या मोटारींचा आकार अभियंत्यांइतकाच कर विभागानेही ठरवला आहे. मागची डिकी कापल्यासारख्या दिसणाऱ्या सेदान आणि ११९७ किंवा ११९९ सीसीची इंजिने ही त्या नियमाची फळे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला, लहान मोटारींवर १८ टक्के आणि बाकी सर्व पेट्रोल-डिझेल मोटारींवर सरसकट ४० टक्के जीएसटी लागू झाला. पूर्वी आकारानुसार ४५, ४८ आणि ५० टक्के अशा पायऱ्या होत्या. आता दीड लिटरच्या टर्बो इंजिनाला आणि तीन लिटरच्या इंजिनाला एकच दर आहे. दमदार गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे आणि त्याची पुरेशी चर्चा झालेली नाही असे मला वाटते.

नेकारकाठ (स्टुटगार्ट, मूळचा नाशिकरोडचा)

आपल्या मेहुण्यांचे म्हणणे बरोबर आहे, फक्त त्यात थोडी भर घालतो. जर्मनीत गाडीच्या किमतीवर १९ टक्के मूल्यवर्धित कर लागतो आणि नोंदणीच्या वेळी वेगळा मोठा कर नसतो. वार्षिक वाहनकर दोन भागांचा असतो: पेट्रोल इंजिनाच्या दर १०० सीसीला २ युरो आणि किलोमीटरमागे ९५ ग्रॅमच्या वर जाणाऱ्या कार्बन उत्सर्जनावर चढत्या दराने आकारणी. गोल्फ जीटीआयसाठी हे सगळे मिळून वर्षाला दोनशे युरोंच्या आतबाहेर येते. सरकारचा भर इंधनावर आहे. लिटरमागे साडेपासष्ट सेंट ऊर्जाकर, त्याच्या जोडीला कार्बनचा आकार आणि या सर्वांवर पुन्हा १९ टक्के. २०२५ मध्ये पेट्रोल १ युरो ७० सेंटच्या जवळपास मिळत होते, म्हणजे १७० रुपयांहून अधिक, आणि त्यात निम्म्याहून जास्त कर होता.

थोडक्यात, जर्मनीत ताकदवान गाडी दारात उभी ठेवायला फारसे पैसे पडत नाहीत; ती पळवायला पडतात. ऑटोबानच्या, म्हणजे इथल्या द्रुतगती महामार्गाच्या, ज्या भागांवर वेगमर्यादा नाही तिथे हे डोळ्यांसमोर दिसते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १२० ला शंभर किलोमीटरला सात लिटरच्या आसपास आकडा दाखवणारी गाडी १८० ला दुपटीच्या जवळ जाते, आणि पुढच्या ट्रकमुळे ब्रेक मारून पुन्हा वेग घेतला की तो आकडा आणखी उसळतो. माझ्या ओळखीचे बरेच लोक मर्यादा नसतानाही १३० च्या पुढे जात नाहीत, कारण पुढचा प्रत्येक लिटर खिशातून जातो हे त्यांना ठाऊक असते.

शेजारच्या देशांत मात्र चित्र एकदम बदलते. फ्रान्समध्ये नव्या गाडीच्या पहिल्या नोंदणीवर कार्बन उत्सर्जनानुसार दंडात्मक कर आहे. २०२५ मध्ये तो किलोमीटरमागे ११३ ग्रॅमपासून सुरू होत होता आणि १९३ ग्रॅमला ७० हजार युरोंवर पोहोचत होता. ७० हजार युरो म्हणजे ७१ लाख रुपये, आणि ही गाडीची किंमत नाही, निव्वळ नोंदणीचा कर आहे. आठ सिलिंडरच्या कित्येक गाड्यांना हा कमाल आकडाच लागू होतो.

इटलीत थेट ताकदीवर कर आहे. १८५ किलोवॅटच्या वरच्या प्रत्येक किलोवॅटला वर्षाला २० युरो जादा भरावे लागतात. २५० किलोवॅटची गाडी असेल तर नेहमीच्या वाहनकराखेरीज वर्षाला १३०० युरो. गाडी पाच वर्षांची झाली की हा भार कमी होत जातो आणि वीस वर्षांनी संपतो. याच इटलीत पूर्वी दोन लिटरपेक्षा मोठ्या इंजिनांवर ३८ टक्के मूल्यवर्धित कर होता. त्यातून फेरारीसारख्या कंपनीने केवळ घरच्या बाजारासाठी १९९१ सीसीचे आठ सिलिंडरचे इंजिन तयार केले आणि १९८२ मध्ये त्याला टर्बो जोडला. सातपूरकरांनी सांगितलेल्या आपल्या ११९७ सीसीच्या इंजिनांचे हे धनाढ्य भावंड म्हणता येईल.

डेन्मार्कमध्ये नोंदणीकर किमतीच्या टप्प्यांनुसार २५, ८५ आणि १५० टक्के असा चढत जातो, त्यामुळे तिथे दमदार पेट्रोल गाडी क्वचितच दिसते.

पंचवटीची लेक (सिंगापूर)

वरच्या सर्व देशांत पैसे दिले की गाडी मिळते. सिंगापूरमध्ये आधी गाडी बाळगण्याचा हक्क विकत घ्यावा लागतो. या हक्काच्या प्रमाणपत्राचा लिलाव महिन्यातून दोनदा होतो आणि त्याची मुदत दहा वर्षे असते. १६०० सीसीपर्यंत आणि १३० अश्वशक्तीपर्यंतच्या गाड्यांचा एक गट आणि त्याहून मोठ्या किंवा अधिक ताकदीच्या गाड्यांचा दुसरा गट. अश्वशक्तीची अट २०१४ मध्ये आली, कारण लहान टर्बो इंजिनाच्या महागड्या गाड्या लहानांच्या गटात बसू लागल्या होत्या. मोठ्या गटाचा भाव ऑक्टोबर २०२३ मध्ये दीड लाख सिंगापूर डॉलरपर्यंत चढला होता.

हिशेब असा होतो. बंदरात ३० हजार सिंगापूर डॉलर किमतीने उतरलेली गाडी घ्या. तिच्यावर २० टक्के अबकारी शुल्क, वर ९ टक्के जीएसटी, आणि जादा नोंदणी शुल्क पहिल्या २० हजारांवर १०० टक्के व पुढच्या २० हजारांवर १४० टक्के, म्हणजे या गाडीसाठी ३४ हजार. हे शुल्क वरच्या टप्प्यांत ३२० टक्क्यांपर्यंत जाते. प्रमाणपत्र सव्वा लाखाला मिळाले असे धरले, तरी विक्रेत्याचा नफा न मोजता बेरीज दोन लाख सिंगापूर डॉलरच्या घरात जाते, म्हणजे सुमारे एक कोटी पस्तीस लाख रुपये. दहा वर्षांनी प्रमाणपत्राची मुदत संपली की त्या दिवशीच्या दराने पुन्हा पैसे भरा, नाहीतर गाडीची नोंदणी रद्द करा.

२०२५ मध्ये पेट्रोल लिटरला २ सिंगापूर डॉलर ८० सेंटच्या पुढे होते, जवळजवळ १९० रुपये. सीमेपलीकडे मलेशियात ते कितीतरी स्वस्त मिळते. म्हणून सिंगापूरची गाडी देशाबाहेर नेताना टाकी किमान तीन चतुर्थांश भरलेली असलीच पाहिजे असा कायदा आहे आणि सीमेवर काटा पाहिला जातो. गाडी नसलेल्या माणसाला इथे काही कमी पडत नाही, कारण मेट्रो आणि बस दारापर्यंत पोहोचतात. हा मुद्दा मला आवर्जून नोंदवावासा वाटतो. आपल्याकडे कर मोठा आहे, परंतु नाशिकरोड स्थानकावरून गंगापूर रोडला रात्री दहानंतर परवडणाऱ्या दरात कसे जायचे, याचे उत्तर तो कर देत नाही.

ओहायोतला नाशिककर

आपले थोरले बंधू सांगतात ते खरे आहे, पण त्याला दुसरी बाजूही आहे.

आधी खरे काय ते सांगतो. इथे २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय ३२ हजार डॉलरच्या थोडी पुढे सुरू होत होती, इंजिन मात्र २४१ अश्वशक्तीचे होते. त्यावर राज्य आणि काउंटी मिळून सात टक्क्यांच्या आसपास विक्रीकर लागतो. ओरेगॉन किंवा मोंटानासारख्या राज्यांत विक्रीकर मुळीच नाही. पेट्रोलवरचा संघराज्याचा कर गॅलनला (सुमारे ३.८ लिटरला) १८.४ सेंट आहे आणि १९९३ पासून त्याला कोणी हात लावलेला नाही. गॅलनचा भाव ३ डॉलर १५ सेंट धरला तर लिटर ७३ रुपयांना पडतो, कॅलिफोर्नियात अर्थातच बरेच महाग. जास्त पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर १९७८ च्या कायद्याने एक हजार ते ७ हजार ७०० डॉलरपर्यंत कर आहे, परंतु पिकअप आणि एसयूव्ही त्यातून वगळलेल्या आहेत. रस्त्यावर पिकअपचे राज्य का आहे, याचे उत्तर बऱ्याच अंशी या एका सवलतीत सापडते.

भारताशी फरक किती, याचे मला सर्वांत स्पष्ट वाटणारे उदाहरण फोर्ड मस्टँगचे आहे. २०१६ मध्ये तिची पाच लिटर व्ही-८ आवृत्ती भारतात ६५ लाख रुपयांना आली, तेव्हा इथे तशीच गाडी सुमारे ३३ हजार डॉलरपासून मिळत होती. त्या वेळच्या दराने ते २२ लाख होतात.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत सरासरी चालक वर्षाला वीस हजार किमीच्या वर गाडी चालवतो, कारण दूध आणायलाही गाडी काढावी लागते. लिटरला १० किमी देणारी गाडी २१ हजार किमी चालली, तर २१०० लिटर लागतात आणि ७३ रुपयांच्या दराने वर्षाचा खर्च दीड लाखांच्या पुढे जातो. १०४ रुपयांचे पेट्रोल भरूनही आपला खर्च सव्वा लाखातच बसतो. स्वस्त पेट्रोलचा फायदा अंतराने खाऊन टाकला. विम्याचे हप्तेही इथे जड असतात आणि घरात विशीतला मुलगा चालक म्हणून नोंदवला की ते किती वाढतात हे प्रत्येक पालकाला माहीत असते.

तरीही उत्पन्नाशी ताडून पाहिले की भारतातल्या खरेदीदाराची स्थिती किती कठीण आहे ते लक्षात येते. २०२४ मध्ये अमेरिकेचे दरडोई उत्पन्न ८५ हजार डॉलरच्या आसपास होते. जीटीआयची किंमत त्याच्या पाच महिन्यांपेक्षा कमी भरते. भारतात ते सुमारे २ हजार ७०० डॉलर होते, आणि ५३ लाख रुपये म्हणजे त्याची बावीस वर्षे. जर्मनीत हीच गाडी वर्षभराच्या दरडोई उत्पन्नाच्या आत येते. नुसत्या किमती शेजारी ठेवून हे दिसत नाही, आणि मला तर हीच तुलना सर्वांत महत्त्वाची वाटते.

वाळवंटवाट (दुबई)

इथले गणित फार सरळ आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. आयात शुल्क ५ टक्के, मूल्यवर्धित कर ५ टक्के. ऑगस्ट २०१५ पासून पेट्रोलचे दर सरकारी समिती दर महिन्याला जाहीर करते. २०२५ मध्ये ते लिटरला अडीच ते पावणेतीन दिरहॅमच्या दरम्यान राहिले, म्हणजे ६० ते ६६ रुपये. कुवेतमध्ये ९५ ऑक्टेनचे पेट्रोल १०५ फिल्स, जेमतेम ३० रुपये.

दरवर्षी कोणीतरी विचारते की इथली वापरलेली गाडी नाशिकला नेता येईल का. भारतात आणायची वापरलेली मोटार तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि तिचे चाक उजव्या बाजूला असावे अशी अट आहे. इथल्या गाड्यांचे चाक डावीकडे असते. त्यामुळे हा विचार सोडून द्यावा.

इंदिरानगरकर (नाशिक)

नागोयात काही वर्षे नोकरी केल्यामुळे जपानविषयी एवढेच सांगतो की तिथे वार्षिक कर इंजिनाच्या आकारानुसार असतो: दोन लिटरपर्यंत ३६ हजार येन, सहा लिटरच्या वर एक लाख दहा हजार येन, आणि ६६० सीसीच्या छोट्या ‘केई’ गाडीला १० हजार ८०० येन. गाडी तेरा वर्षांची झाली की कर आणखी वाढतो, म्हणून लोक चांगल्या अवस्थेतल्या गाड्याही विकून टाकतात. १९८९ ते २००४ या काळात जपानी कंपन्यांनी आपसात ठरवून कोणत्याही गाडीची जाहीर ताकद २८० अश्वशक्तीपेक्षा जास्त दाखवली नव्हती.

गोदाकाठ (गंगापूर रोड, नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. बत्तीस वर्षांच्या पेट्रोलचा हिशेब वाचल्यावर मी आयात गाडीचा विचार बाजूला ठेवला आहे. आता दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एक, हीच ताकद विजेच्या गाडीत घेतली तर खर्चाचे स्वरूप कसे बदलते? दुसरी, गाडी कंपनीच्या नावावर घेतल्यास कर वाचतो असे वितरकाकडील विक्रेता सांगतो, त्यात कितपत तथ्य आहे?

सातपूरकर (नाशिक)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. विजेच्या गाडीत ताकद, इंधन आणि किंमत यांची जुनी सांगड सुटते. इंजिनाला ताकद वाढवायची तर सिलिंडर, टर्बो, थंड करण्याची यंत्रणा, गिअरबॉक्स हे सगळे मोठे करावे लागते. मोटरला ती वाढवणे तुलनेने स्वस्त पडते आणि खर्च बॅटरीत एकवटतो. चाकणला तयार होणारी महिंद्राची बीई ६ पाहा. मोठ्या बॅटरीच्या आवृत्तीची मोटर २१० किलोवॅटची, म्हणजे २८६ अश्वशक्तीची आहे आणि जानेवारी २०२५ मध्ये तिची वरची आवृत्ती २६ लाख ९० हजारांना जाहीर झाली. जीटीआयपेक्षा अधिक ताकद जवळपास निम्म्या एक्स-शोरूम किमतीत. जीएसटी ५ टक्के आणि महाराष्ट्रात वाहनकर माफ असल्यामुळे रस्त्यावर येताना हा फरक आणखी वाढतो.

घरच्या विजेचा दर युनिटला १२ रुपये आणि एका युनिटमध्ये ६ किमी धरले, तर किलोमीटरला २ रुपये, वर्षाला २४ हजार. मात्र समृद्धीवर सलग १२० ला चालवल्यास पल्ला बराच घटतो. नेकारकाठ यांनी सांगितलेला हवेचा विरोध मोटरलाही सोडत नाही. आपल्या सोसायटीच्या वाहनतळात स्वतःचे मीटर बसवता येत असेल तरच हा पर्याय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रोज सार्वजनिक चार्जिंगवर अवलंबून राहिल्यास युनिटचा दर वाढतो आणि वेळही जातो. नॉर्वेमध्ये २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के विजेच्या होत्या. त्यामागे पेट्रोल गाड्यांवरचे जबर नोंदणी शुल्क आणि विजेच्या गाड्यांना दिलेली करसवलत जितकी आहे, तितकीच घरोघरी चार्जिंगची सोयही आहे.

टिळकपथ (नाशिक)

मी करसल्लागार आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. विक्रेत्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे.

महाराष्ट्रात २० लाखांवरील पेट्रोल गाडी व्यक्तीच्या नावावर असल्यास वाहनकर १३ टक्के आणि कंपनीच्या नावावर असल्यास २० टक्के आहे. ३५ लाखांच्या गाडीवर पहिला ४ लाख ५५ हजार आणि दुसरा ७ लाख होतो, म्हणजे सुरुवातीलाच २ लाख ४५ हजार जास्त. प्रवासी मोटारीवर भरलेल्या जीएसटीची वजावट आपल्यासारख्या उत्पादक कंपनीला मिळत नाही. मात्र ती न मिळाल्यामुळे जीएसटीसह पूर्ण किमतीवर घसारा, म्हणजे गाडीच्या घटत्या मूल्याची वजावट, घेता येतो. घसाऱ्याचा दर शिल्लक मूल्यावर वर्षाला १५ टक्के आहे, शिवाय कर्जाचे व्याज, विमा, इंधन आणि दुरुस्ती हे खर्च कंपनीच्या उत्पन्नातून वजा होतात. गाडी सहा-सात वर्षे ठेवणार असाल आणि कंपनीला नियमित नफा असेल, तर सुरुवातीची जादा रक्कम भरून निघते. तीन वर्षांत विकणार असाल तर मला ते शहाणपणाचे वाटत नाही. आयात गाडीला व्यक्ती असो वा कंपनी, २० टक्केच लागतो आणि विजेच्या गाडीला दोन्हीकडे माफी आहे, म्हणून त्या दोन बाबतींत वाहनकरातील फरकाचा प्रश्न उद्भवत नाही.

दहा लाखांवरील गाडी घेताना विक्रेता १ टक्का कर गोळा करून घेतो. तो जादा खर्च नाही. ज्याच्या पॅन क्रमांकावर तो जमा होतो त्याच्या आयकरात त्याची वजावट मिळते. म्हणून बीजक कोणाच्या नावाने निघणार आहे हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच ठरवा. गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर कंपनीकडून प्रवासखर्च घेता येतो. त्यासाठी भिवंडी, ठाणे आणि संभाजीनगरच्या प्रत्येक फेरीची तारीख, किलोमीटर आणि काम यांची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवावी, आणि पेट्रोलपंपावरील पावत्यांवर गाडीचा क्रमांक लिहून घ्यावा.